आई ज्याला चुना म्हणाली

[तळव्यावर एक शिंपला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ]

नमस्कार मंडळी. आधी हे बघा. साधा शिंपला. मागच्या महिन्यात कारवारला गेलो होतो, तिथल्या वाळूत सापडला. असे दोन आणले आणि घरी, बेळगावच्या शहापुरात, आल्यावर न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवले. सकाळी बघतो तर एक चकचकीत! आईनं काथ्यानं घासून ठेवलेला. म्हणाली, "वर सगळा चुना धरलेला की रे. साफ करून ठेवलंय." तिचं तरी काय चुकलं? बंबाला चुना धरतो, नळाला धरतो, तसा शिंपल्याला धरला असेल. कपाळाला हात मी लावला, कारण शिंपला आणलाच होता त्या चुन्यासाठी.

हा दुसरा. हा तिच्या तावडीतून वाचला. आजचा सगळा व्हिडिओ या पांढऱ्या डागावर आहे.

आमच्या गल्लीत एक यंत्रमागवाले काका आहेत. त्यांच्याकडे कापडाचे धागे मोजायचं छोटं घडीचं भिंग असतं, ते मागून आणलंय. त्यातून बघा.

[भिंगातून काढलेला फोटो, पडदाभर]

दिसलं? चुना असा धरत नाही. चुन्याचे पापुद्रे येतात, ओबडधोबड. ही जाळी आहे. एकीसारखी एक खोली, रांगेला लागून रांग, आणि दोन रांगांतल्या खोल्या विटांसारख्या सांधा चुकवून बसवलेल्या. एकेक खोली साधारण अर्धा मिलिमीटर लांब. काकांनी स्वतः भिंगाला डोळा लावला आणि विचारलं, "हे विणलंय कुणी?" याच्याहून नेमका प्रश्न मलाही सुचला नसता.

विणलंय राहणाऱ्यांनीच. प्रत्येक खोलीत एक प्राणी होता. आता खोल्या रिकाम्या आहेत, पण हा शिंपला पाण्यात असताना इथं शेकड्यांनी बिऱ्हाडं नांदत होती. भिंती कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्याच. तेव्हा आई निम्मी बरोबर. चुना आहे, पण धरलेला नव्हे, बांधलेला.

या प्राण्यांना ब्रायोझोआ म्हणतात. ग्रीकमध्ये ब्रायॉन म्हणजे शेवाळ, झोऑन म्हणजे प्राणी. शेवाळप्राणी. मराठीत रोजच्या बोलण्यातलं नाव नाही, म्हणून मी मध्येमध्ये सरळ 'जाळीवाले' म्हणणार आहे. या नावावरून अभ्यासकांतही बराच घोळ झालाय बरं का. आयर्लंडमधला एक लष्करी डॉक्टर, जॉन व्हॉन थॉम्पसन, यानं १८३० मध्ये त्यांना 'पॉलिझोआ' म्हटलं. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या एरनबर्गनं 'ब्रायोझोआ' म्हटलं. मग कितीतरी वर्षं इंग्रज एक नाव लिहीत राहिले आणि बाकीचे दुसरं. एकाच ठिकाणाला दोन नावं असली की काय होतं, हे बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्या गावाचं कागदोपत्री नाव २०१४ मध्ये बदललं, तरी लोंढ्याच्या फलाटावर आपण बेळगावचंच तिकीट मागतो.

आता मुद्द्याचं. कारवारचा समुद्र म्हणजे कोमट पाणी. इथं जाळीवाले असतात, पण अंग चोरून: शिंपल्याच्या पाठीवर, दगडाच्या कपारीत, बंदराच्या खांबांना, होडीच्या बुडाला. त्यांचा खरा थाट बघायचा तर थंड पाण्यात जायला हवं. उत्तर समुद्र, न्यूझीलंडची दक्षिण बाजू, ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा आणि सगळ्यात खाली अंटार्क्टिका. असं का? कोमट, उथळ, स्वच्छ उन्हाच्या पाण्यात प्रवाळांचं राज्य असतं. प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, त्यांना ऊन लागतं. जाळीवाल्यांना उन्हाचं काही देणंघेणं नाही. पाण्यात तरंगणारे बारीक वनस्पतीकण आले की झालं, आणि थंड समुद्रात उन्हाळ्याच्या चार महिन्यांत त्यांची सुगी असते. म्हणून तिथल्या तळावर, जिथं प्रवाळांचे खडक उभे राहत नाहीत, तिथं झुडपं, पंखे, जाळ्या, गड्डे यांनीच बांधलेले असतात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला तर समुद्रतळाची वाळू बऱ्याच अंशी यांच्याच मोडक्या खोल्यांची आहे.

खोलीतला भाडेकरू कसा असतो ते सांगतो, कारण इथं खरी गंमत आहे.

[पाटीवर खडूनं चित्र: पेटी, वर तुरा, आत इंग्रजी यू सारखी आतडी]

अंगाला हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, कल्ले नाहीत. इतक्या लहान देहाला गरजच नाही, प्राणवायू कातडीतून आत जातो. डोक्यावर बारीक सोंडांचा एक तुरा, नरसाळ्यासारखा उघडणारा. प्रत्येक सोंडेवर केस, ते सतत हलतात आणि पाणी नरसाळ्यात वरून ओढून सोंडांच्या फटींतून बाहेर सोडतात. खाण्याचे कण मध्ये तोंडाशी अडकतात. आतडी वळून परत वरच येते आणि तिचं दुसरं टोक तुऱ्याच्या बाहेर उघडतं. ताटात उष्टं नको, इतकी अक्कल त्यांना आहे.

धोका वाटला की हा तुरा डोळ्याचं पातं लवायच्या आत खोलीत जातो. तो ओढणारा स्नायू प्राणिसृष्टीतल्या सगळ्यात झपाट्यानं आखडणाऱ्या स्नायूंपैकी एक आहे. आत ओढायला स्नायू आहे, मग बाहेर कसा काढायचा? टूथपेस्टची नळी दाबतो तसा. खोलीचं छप्पर जिथं लवचीक पडद्याचं असतं, तिथं स्नायू तो पडदा आत खेचतात, आतलं पाणी दाबलं जातं आणि तुरा वर येतो. आता अडचण बघा. पडदा मऊ असला की शत्रूला फाडायला सोपा. म्हणून पुष्कळ जातींनी वर पक्का स्लॅब टाकला. पण स्लॅब टाकला तर दाबायचं काय? त्यांनी स्लॅबच्या खाली एक पिशवी ठेवली, तिला बाहेर तोंड दिलं. पिशवीत समुद्राचं पाणी शिरलं की तुरा बाहेर, पिशवी रिकामी झाली की तुरा आत. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा तो भाग परत दोनदा वाचला होता.

आणखी एक. भाडेकरू काही आठवड्यांनी थकतो. आतडी, तुरा सगळं विरघळून त्याचा एक तपकिरी गोळा होतो. खोली तशीच राहते. मग त्याच खोलीच्या भिंतीतून नवा तुरा, नवी आतडी उगवते. काही जातींत ही नवी आतडी जुन्या गोळ्याला पोटात घेते आणि पहिल्या विष्ठेबरोबर बाहेर टाकते. म्हणजे आधीच्या बिऱ्हाडाचा कचरा काढूनच संसाराला सुरुवात. घर भाड्यानं घेतलेल्यांना हे कळेल.

हा सगळा वाडा येतो एकाच पिल्लापासून. पोहणारी एक अळी तळावर जागा पसंत करून चिकटते, तिची पहिली खोली होते, आणि मग त्या खोलीला अंकुर फुटत फुटत हजारो, कधी लाखो खोल्या. सगळे एकमेकांची नक्कल. भिंतींना बारीक भोकं असतात, त्यातून अन्नरस इकडून तिकडे जातो. आणि इथंच कामाची वाटणी सुरू होते. काही खोल्यांतल्यांना तोंडच नसतं. कुणी नुसता खांब म्हणून उभा, कुणी अंडी सांभाळणारा. कुणाचं अख्खं शरीर म्हणजे एक चोच: पक्ष्याच्या डोक्यासारखी, उघडमीट करणारी, जाळीवरून चालणाऱ्या किड्याचा पाय आला की कचकन धरणारी. या चोचवाल्यांना शेजारी भरवतात, ते राखण करतात. काहींना चोचीऐवजी लांब केस असतो, तो झाडूसारखा फिरतो आणि साचलेला गाळ उडवतो. चार्ल्स डार्विन या चोचींवर इतका खूश होता की १८७२ मध्ये टीकाकारांना उत्तर देताना त्यानं त्यांचा दाखला सविस्तर दिला.

मग हा प्राणी एक की हजार? मला विचाराल तर प्रश्नच चुकीचा आहे. एकत्र कुटुंबात चूल एक असते की माणसं अनेक असतात, असं कुणी विचारतं का?

डार्विनवरून आठवलं. त्याच्या आयुष्यातला पहिला शोध याच प्राण्यावरचा. सन १८२७, वय १८, एडिंबरोत डॉक्टरकी शिकायला गेलेला आणि तिथं मन न लागलेला पोरगा. किनाऱ्यावरच्या फ्लस्ट्रा नावाच्या जाळीवाल्याची 'अंडी' त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर ती अंगावरच्या केसांनी स्वतः पोहत होती. म्हणजे ती अंडी नव्हेत, अळ्या. २७ मार्चला विद्यार्थ्यांच्या मंडळात त्यानं ते वाचून दाखवलं. पण त्याला शिकवणारे रॉबर्ट ग्रँट यांनी तीन दिवस आधीच दुसऱ्या सभेत तेच सांगून टाकलेलं! पोराच्या मनाला काय झालं असेल?

हा फ्लस्ट्रा उत्तर समुद्राच्या काठावर वादळानंतर ढिगानं येऊन पडतो. मी फोटो बघितला तेव्हा मला पहिल्यांदा आठवली निपाणीची वखार. अगदी वाळलेल्या तंबाखूच्या पानासारखा, कागदी, फिकट तपकिरी. ताजा असताना त्याला लिंबासारखा वास येतो म्हणतात. सगळे त्याला समुद्री वनस्पतीच समजतात, त्यात शरम वाटण्यासारखं काही नाही. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकनं सूक्ष्मदर्शकाखाली ही जाळी बघितली, तिचं देखणं चित्र काढलं, आणि तरी तीही समुद्री वनस्पती म्हणूनच नोंदवली. माझ्या आईनं त्याला चुना म्हटलं तर काय बिघडलं?

याच उत्तर समुद्रात डॉगर बँक नावाचा उथळ भाग आहे, मासेमारीचा. तिथं एक रबरासारखा गुळगुळीत जाळीवाला जाळ्यातून वर येतो, नाव अल्सियोनिडियम. वर्षानुवर्षं त्याला हात लागून लागून कोळ्यांचे हात लाल होतात, फोड येतात, कातडी फाटते. डॉक्टर त्याला 'डॉगर बँकची खाज' म्हणतात. खानापूरच्या रानात खाजकुयलीत हात घातलेल्यांना थोडीफार कल्पना येईल, फक्त तिथं खाज त्या दिवसापुरती, आणि या कोळ्यांपैकी काहींना धंदा सोडायची पाळी आलेली.

[इथं पाऊस वाढला, पत्र्याचा आवाज येतोय, सांभाळून घ्या]

आता सीमेवर येऊ. सीमा म्हटलं की आपले कान टवकारतात, सवयच आहे. एका दगडावर दोन वसाहती वाढत वाढत एकमेकींना भिडतात तेव्हा काय होतं? कधी एक दुसरीच्या अंगावर चढते आणि खालच्यांची तोंडं बुजतात, ती मरतात. कधी दोघीही जिथल्या तिथं थांबतात. विशेष म्हणजे भिंती चुनखडीच्या असल्यानं हा निकाल दगडात तसाच राहतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी कोण कुणावर चढलं, हे जीवाश्मात मोजता येतं. फ्रँक मॅकिनी या अमेरिकन अभ्यासकानं ते मोजलं. जाळीवाल्यांचे दोन मोठे गट धरले, चायलोस्टोम आणि सायक्लोस्टोम. चायलोस्टोम साधारण तीनपैकी दोन वेळा जिंकतात. दहा कोटी वर्षं हेच चाललंय. पण सायक्लोस्टोम संपले का? नाही. अजून आहेत, ठणठणीत. ते हरत हरत कसे टिकले, यावर अभ्यासक अजून वाद घालतायत.

अंटार्क्टिकात पाणी उणे दोनच्या जवळपास असतं, खारट म्हणून गोठत नाही इतकंच. तिथले जाळीवाले उन्हाळ्यात वाढतात आणि हिवाळ्यात, खाणं संपलं की, थांबतात. सेलॅरिनेला नावाच्या जातीत त्या थांबण्याची रेघ अंगावर उमटते, झाडाच्या खोडात वर्तुळं दिसतात तशी. रेघा मोजल्या की वय कळतं, दोन रेघांमधलं अंतर मोजलं की त्या वर्षीची वाढ कळते. १९०१ ते १९०४ मध्ये कॅप्टन स्कॉटच्या 'डिस्कव्हरी' मोहिमेनं रॉस समुद्रातून असे नमुने आणून संग्रहालयात ठेवले होते. शंभर वर्षांनी डेव्हिड बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आणि नवे नमुने शेजारीशेजारी ठेवून बघितले आणि २०११ मध्ये सांगितलं: शतकभर वाढ जवळजवळ सारखी होती, १९९० नंतर वेग घेतलाय. सूक्ष्म वनस्पती वाढल्यानं खाणं जास्त मिळतंय, हा त्यांचा कयास. जास्त वाढले म्हणजे जास्त कार्बन अंगात घेतला, आणि मेल्यावर तो तळाच्या गाळात पुरला जातो. कोणी ते जुने नमुने जपून ठेवले नसते तर हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवले असते तर विचारूच नका.

अंटार्क्टिका आपल्याला वाटते तितकी लांब नाही, हेही सांगून ठेवतो. लोंढ्याला गाडीत बसलात की वास्कोला उतरता, आणि भारताच्या मैत्री आणि भारती या दोन्ही अंटार्क्टिक तळांचा कारभार तिथूनच, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. शाळेची सहल गोव्याला जाते तेव्हा सर लोक चर्च आणि बीच दाखवून परत आणतात. असो.

थंड पाण्यातलं मला सगळ्यात लागून राहिलेलं ठिकाण न्यूझीलंडचं आहे. टास्मान उपसागरात सेपरेशन पॉइंट नावाच्या टोकाजवळ तळावर जाळीवाल्यांचे गड्डे आहेत, फुलकोबीसारखे. तिथले कोळी त्यांना 'कोरल' म्हणायचे, म्हणजे तिथंही नाव चुकलेलंच. पण कोळ्यांना एक पक्कं माहीत होतं: स्नॅपर आणि ताराकिही या माशांची पिल्लं तिथं असतात. गड्ड्यांच्या फटींत लपायला जागा, खायला किडे. मग तळ घासत जाणारी ट्रॉलची जाळी आली. अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरनं बांधलेलं घर लोखंडी साखळीच्या एका फेरीत भुगा. शेवटी १९८० मध्ये तिथं यांत्रिक मासेमारी बंद केली. त्याच देशात ओटागोच्या समोर ७० ते १२० मीटर खोलीवर यांची झुडपं पसरली आहेत, ऑयस्टर आणि खेकडे त्यात राहतात. मालवण-कारवारकडे पर्ससीन आणि ट्रॉलरवरून भांडणं होतात ना, तेव्हा आपण फक्त मासा मोजतो. मासा ज्या तळावर वाढतो तो तळ कुणी बांधला, हे त्या भांडणात कधी ऐकलंय तुम्ही?

हे सगळीकडे बिचारेच असतात असंही नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेनच्या आखातात, १९८७ मध्ये मेम्ब्रानिपोरा नावाचा परका जाळीवाला दिसला, बहुधा युरोपातून जहाजांबरोबर आलेला. तो केल्प या मोठ्या समुद्री वनस्पतीच्या पानांवर पांढरी जाळी पसरतो. पान ठिसूळ होतं आणि वादळात तुकडे पडतात. केल्पची रानंच्या रानं त्यानं विरळ केली. हाच प्राणी आणखी एका गोष्टीसाठी मला आवडतो: त्याला खाणारी समुद्री गोगलगाय जवळ आली की पाण्यातल्या नुसत्या वासावरून तो दोनएक दिवसांत खोल्यांच्या कोपऱ्यांना काटे उगवतो. काटे काढायला खर्च येतो, वाढ मंदावते, म्हणून एरवी काढत नाही.

औषधाचं एका दमात सांगतो. ब्युग्युला नेरिटिना, हा आपल्याकडच्या बंदरातही जहाजांच्या बुडाला चिकटतो. त्यात ब्रायोस्टॅटिन नावाचं द्रव्य आहे, कर्करोगावर आणि पुढं अल्झायमरवर ते तपासलं गेलं. तयार करतात ते खरं तर त्याच्या अंगात राहणारे जिवाणू. एकदा १४ टन ब्युग्युला गोळा केला तेव्हा हाताला लागलं १८ ग्रॅम. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या पॉल वेंडर यांच्या गटानं ते प्रयोगशाळेत २९ टप्प्यांत बनवलं. बाजारातलं औषध मात्र अजून झालेलं नाही.

आणि घरं. आपली जुनी घरं जांभ्या चिऱ्यांची. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स कड्यावर होयरुपचं जुनं चर्च चुनखडीच्या चिऱ्यांचं आहे, त्याच कड्यातून काढलेल्या. आणि त्या कड्याचा वरचा थर म्हणजे सहा कोटी वर्षांहून जुने जाळीवाले, दाबून दगड झालेले. समुद्र कडा खात खात आला आणि १९२८ मध्ये चर्चचा एक भाग खाली लाटांत कोसळला. आपल्या देशात बघायचे तर काश्मीरच्या लिद्दर खोऱ्यात 'फेनेस्टेला शेल' नावाचा खडक आहे. फेनेस्टेला हा खिडक्यांच्या जाळीसारखा जाळीवाला, तीस कोटी वर्षांपूर्वीचा. आज तिथं डोंगर आहेत.

[शिंपला परत हातात]

तर काकांनी शेवटी विचारलं, "आपल्या बेळगावात नाहीत काय हे?" समुद्री नाहीत, उघडच आहे. पण या घराण्याची एक शाखा गोड्या पाण्यात राहते. तिला चुनखडीच्या भिंती नसतात. १८५० च्या दशकात मुंबईत हेन्री कार्टर नावाचा डॉक्टर तिथल्या तळ्यांत हे प्राणी शोधत बसायचा. लोफोपोडेला कार्टेरी या जातीला त्याचंच नाव आहे. १९११ मध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी भारतभरातल्या अशा जातींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. पाणी आटायला लागलं की हे प्राणी कवचबंद कळ्या तयार करतात, खसखशीहून बारीक, तपकिरी. त्या चिखलात महिनोन्‌महिने कोरड्या पडून राहतात, पाखरांच्या पायांना चिकटून दुसऱ्या तळ्यात जातात, आणि पाऊस आला की फुटतात.

म्हणून पाऊस जरा उघडला की मी किल्ल्याजवळच्या तळ्यावर जाणार आहे. भिंग काकांनी आठवडाभर ठेवून घ्यायला सांगितलंय. पाण्यात बुडालेली काटकी, कमळाच्या पानाची खालची बाजू, जुना टायर असेल तर तोही. त्यावर मुळ्यांसारख्या फांद्या फुटलेल्या बारीक तपकिरी नळ्या किंवा जेलीचा पारदर्शक ठिपका, आणि त्यात काळे-तपकिरी दाणे. तुमच्या गावच्या तळ्यात, विहिरीत, हिडकलच्या काठाला असं काही दिसलं तर फोटो काढा, काटकी पाण्यातच राहू द्या, आणि फोटो खाली टाका.

घासू मात्र नका.